पाचवीचा पेपर आणि वीटभट्टीचा हंगाम

पेण-रोह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत मुलांच्या चाचण्या वाढल्या आहेत आणि पाचवी-आठवीत नापास होणंही परत आलंय. परीक्षा हव्यात की नकोत, यावर भांडण्याआधी एक साधा प्रश्न विचारायला हवा. ही परीक्षा नेमकी कशासाठी आहे, आणि तिच्या दिवशी मूल कुठे असतं?

तुम्ही आत्ता एफवाय, एसवाय किंवा टीवायला असाल, तर आठवीपर्यंत तुम्हाला कुणी नापास केलेलं नाही. करूच शकत नव्हतं. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच्या १६व्या कलमानं सांगून टाकलं, की प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला त्याच वर्गात पुन्हा बसवायचं नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणलं. प्रगतिपुस्तकात मार्कांच्या जागी श्रेणी आली, सर-मॅडमच्या वह्यांत 'आकारिक' आणि 'संकलित' हे शब्द आले. घरातल्या मोठ्या माणसांनी या सगळ्याला एकच नाव दिलं, ढकलपास. आजोबांच्या वेळी सातवीला 'फायनल' असायची आणि ती पास झालेला माणूस गावात मास्तर व्हायचा. त्यांना हे सगळं लाडाचं वाटणं साहजिक होतं.

तुमचा पाचवीतला धाकटा भाऊ किंवा शेजारची आठवीतली मुलगी मात्र या सवलतीत बसत नाही. २०१९ मध्ये संसदेनं कायदा बदलला. पाचवी आणि आठवीला वर्षाअखेर परीक्षा घ्यायची, नापास झालेल्याला जादा शिकवून निकालापासून दोन महिन्यांत पुन्हा संधी द्यायची, आणि तरीही जमलं नाही तर त्याच वर्गात ठेवायचं की नाही हे राज्यानं ठरवायचं. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये 'ठेवायचं' असं ठरवलं आणि २०२३-२४ पासून ते सुरू झालं. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रानंही आपल्या शाळांसाठी हाच रस्ता धरला. मुलाला शाळेतून काढता येत नाही, एवढं संरक्षण अजून शाबूत आहे.

परीक्षांची गर्दी

वार्षिक परीक्षा ही यातली फक्त एक. स्टार्स नावाचा एक प्रकल्प आहे. जागतिक बँकेच्या मदतीनं चालणाऱ्या या प्रकल्पात महाराष्ट्रासह सहा राज्यं आहेत. त्याखाली २०२३-२४ पासून नियतकालिक मूल्यांकन चाचणी, म्हणजे शिक्षकांच्या भाषेत 'पॅट', सुरू झाली. वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत चाचणी, दिवाळीच्या आसपास संकलित एक, एप्रिलमध्ये संकलित दोन. विषय तीन : प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी. प्रश्नपत्रिका राज्याकडून येते, तपासायची शाळेनं आणि मार्क भरायचे मोबाइलवरच्या चॅटबॉटमध्ये. तुमच्यापैकी जे जिल्हा परिषदेच्या शाळेत होते त्यांना 'पायाभूत चाचणी' हा शब्द नवा वाटणार नाही. २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आला, तेव्हाही ती होतीच.

याशिवाय शिष्यवृत्ती आहे. आधी चौथी-सातवीला, मग २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला आणि २०२५-२६ पासून परत चौथी-सातवीकडे. सहावीच्या प्रवेशासाठी नवोदयची परीक्षा आहे. आपल्या जिल्ह्याचं नवोदय विद्यालय माणगाव तालुक्यात निजामपूरला आहे. आठवीत एनएमएमएस आहे, ज्यात निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. शिवाय राष्ट्रीय सर्वेक्षण आहे. ४ डिसेंबर २०२४ ला देशभर तिसरी, सहावी आणि नववीच्या निवडक मुलांचं ते झालं.

ही सगळी नावं एका दमात वाचली की वाटतं, सगळ्या एकाच माळेचे मणी. पण तसं नाही.

मोजणं वेगळं, गाळणं वेगळं

परीक्षेची ढोबळमानानं दोन कामं असतात. एक मोजायचं, दुसरं गाळायचं.

मोजणारी परीक्षा सांगते, की या मुलाला हातच्याची वजाबाकी येते की नाही, परिच्छेद वाचून त्यातलं उत्तर शोधता येतं की नाही. हे कळल्यावर शिक्षकानं काहीतरी वेगळं करायचं असतं. ताप मोजायचा तो औषध ठरवण्यासाठी.

गाळणारी परीक्षा जागा कमी आणि माणसं जास्त असतात तेव्हा लागते. निजामपूरच्या नवोदयमध्ये सहावीला ८० जागा असतात. ८१व्या मुलाला काय येतं, याच्याशी त्या यादीला देणंघेणं नसतं. तुम्ही दिलेली एमएचटी-सीईटी याच जातीची. तिथं मिळणारं पर्सेंटाइल तुम्हाला फिजिक्स किती कळलं हे सांगत नाही, तुमच्या मागे किती जण आहेत एवढंच सांगतं. पेपर सोपा आला तरी पर्सेंटाइल घसरू शकतं ते यामुळेच.

गाळणी वाईट असते असं नाही. आपल्याच मातीतली दोन माणसं बघा. रोह्याचे चिंतामणराव देशमुख १९१२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिले आले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली, १९१८ मध्ये आयसीएसच्या परीक्षेतही पहिले आले. पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग देशाचे अर्थमंत्री. पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेले विनोबा भावे त्यांच्यापेक्षा फक्त चार महिन्यांनी मोठे. ते १९१६ मध्ये इंटरची परीक्षा द्यायला बडोद्याहून मुंबईकडे निघाले, वाटेत सुरतला उतरले आणि काशीला निघून गेले. शाळेची प्रमाणपत्रं त्यांनी त्याआधीच चुलीत घातली होती.

एकानं परीक्षेची शिडी केली, दुसऱ्यानं ती शिडी नाकारली. दोघांचंही कौतुक करावं. पण दोघांकडेही निवड होती. परीक्षेला बसायचं की गाडीतून उतरायचं, हे त्यांचं त्यांनी ठरवलं. पेण-रोह्याच्या डोंगराकडच्या वाड्यांवरच्या दहा वर्षांच्या मुलाकडे ही निवड नाही. पाचवीच्या परीक्षेच्या दिवशी तो कुठे असेल, हे विटांचा हंगाम ठरवतो.

एप्रिलमध्ये वाडीवर कोण असतं?

पेण, रोहा, सुधागड, कर्जत, खालापूर या तालुक्यांत डोंगरउतारावर कातकरी वाड्या आहेत. कातकरी ही महाराष्ट्रातल्या विशेष असुरक्षित मानल्या गेलेल्या तीन आदिवासी जमातींपैकी एक. दुसऱ्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. बहुतेकांकडे पोट भरेल एवढी जमीन नाही. भाताची कापणी संपली, दिवाळी झाली, की मुकादमाकडून उचल घेऊन कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, काही कोळसा पाडायच्या कामावर जातात. परत येतात ती पावसाच्या तोंडावर, मिरगाच्या आसपास.

आता हे कॅलेंडर शाळेच्या कॅलेंडरवर ठेवून बघा. पायाभूत चाचणीच्या वेळी, पावसाळ्यात, मूल वाडीवर असतं. संकलित एकच्या वेळी कदाचित असेल. संकलित दोन आणि पाचवीची वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये असते, आणि तेव्हा ते भट्टीवर असतं. २०२५ मध्ये तर राज्यानं सगळ्या शाळांसाठी ८ ते २५ एप्रिल असं वेळापत्रक लावलं होतं. उन्हाचा तडाखा आणि १ मेचा निकाल यावरून शिक्षक-मुख्याध्यापकांनी तेव्हा बराच विरोध केला. भट्टीवरच्या मुलांना मात्र पेपर ८ तारखेला काय आणि २५ला काय, सारखंच.

कायद्यात जादा शिकवणी आणि पुनर्परीक्षेची सोय आहे, असं कुणी म्हणेल. आहे ना. पण निकाल १ मेला लागतो, म्हणजे जादा शिकवणीचा महिना मे. त्या महिन्यात शाळेला सुट्टी आणि मूल अजून भट्टीवरच. कागदावर दुसरी संधी मिळाली, प्रत्यक्षात पहिलीही मिळाली नव्हती.

यात आणखी एक गोम आहे. चाचणीची सरासरी हजर मुलांची निघते. वर्गातली सगळ्यात जास्त अडलेली चार मुलं त्या दिवशी नसतील, तर वर्गाचा आकडा खराब दिसण्याऐवजी चांगला दिसतो. ज्यांच्यासाठी मोजायचं तीच मोजणीतून गळली, आणि वर अहवालात प्रगती.

तिसरी गोष्ट भाषेची. वाडीवर घरात कातकरी बोलतात. ती मराठीच्या जवळची असली तरी पुस्तकातली मराठी नव्हे. या मुलासाठी 'प्रथम भाषा' म्हणून येणारा पेपर खरं तर दुसऱ्या भाषेचा असतो आणि 'तृतीय भाषा' इंग्रजी आणखीनच लांबची. सगळ्यांना एकच पेपर दिला की सगळ्यांना समान वागवलं, असं आपल्याला वाटतं. पण सुरुवातीची रेषाच सारखी नसेल, तर तो पेपर मुलाच्या डोक्यापेक्षा त्याच्या घराबद्दल जास्त सांगतो.

दोन शिक्षक, नऊ पेपर

शिक्षकांच्या बाजूनंही बघू. पहिली ते पाचवीची शाळा आणि साठपर्यंत पट असेल तर कायद्याप्रमाणे दोन शिक्षक. समजा, एका वाडीवरच्या शाळेत २५ मुलं आहेत. २०२३-२४ मध्ये पायाभूत चाचणी तिसरीपासून होती, म्हणजे तिसरी, चौथी, पाचवी. तीन वर्ग गुणिले तीन विषय, म्हणजे एका फेरीत नऊ वेगवेगळे पेपर. त्यात लेखीबरोबर तोंडीही असते, म्हणजे प्रत्येक मुलाला एकेकटं बसवून विचारायचं. मग तपासायचं, मग चॅटबॉटमध्ये एकेकाचे मार्क भरायचे, तेही डोंगरात मोबाइलला रेंज मिळेल तिथे उभं राहून. या सगळ्या वेळात पहिली-दुसरीची मुलं बसतातच. त्यांना कोण शिकवतं?

एवढं करून शिक्षकाच्या हातात काय येतं? आकडे वर जातात. तालुका, जिल्हा, राज्य असे तक्ते बनतात. पण 'तुमच्या शाळेतल्या या पाच मुलांचं अपूर्णांकात अडतंय, त्यांच्यासाठी हे साहित्य आणि हा माणूस' असं काही खाली आलं तरच त्या मोजणीला अर्थ. नाहीतर ताप मोजून थर्मामीटर धुऊन ठेवला, एवढंच.

आकड्याचा दांडका झाला की

मार्कांवर शाळेची इज्जत अवलंबून राहायला लागली, की दुसरीच गोष्ट सुरू होते. अमेरिकेनं हे आपल्या आधी भोगलंय. २००२ मध्ये तिथं कायदा आला, की सरकारी शाळांतल्या तिसरी ते आठवीच्या मुलांची दरवर्षी वाचन आणि गणिताची प्रमाणित चाचणी घ्यायची. शाळांनी दरवर्षी ठरलेली प्रगती दाखवायची, नाही दाखवली तर कारवाई. हेतू चांगला होता. गरीब वस्त्यांतली मुलं मागे पडतायत ते झाकून राहू नये, हा. पण २०११ मध्ये जॉर्जिया राज्याच्या चौकशीत अटलांटा शहरातल्या ४४ शाळांमध्ये गैरप्रकार सापडले. १७८ शिक्षक आणि मुख्याध्यापकांची नावं त्यात आली. मुलांची चुकीची उत्तरं खोडून बरोबर केली जात होती. काही जणांना पुढे न्यायालयात शिक्षाही झाली. नुकसान कुणाचं झालं? ज्या मुलाला वाचता येत नव्हतं, त्याला कागदावर वाचता यायला लागलं, आणि त्याला मिळायची मदत थांबली.

आपल्याकडे संकलित चाचण्यांचे पेपर यूट्यूबवर फिरल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा बरेच जण हसले. तिसरीचा पेपर फुटतो म्हणजे काय! पण ती धोक्याची घंटा आहे. मुलाला काय येत नाही हे शोधायला काढलेला पेपर कुणाला आधी बघावासा वाटतो, याचा अर्थ तो मोजणारा पेपर राहिलाच नाही. लोकांनी त्याला गाळणारा पेपर मानलंय.

मग ढकलपासच बरं होतं का?

नाही. परीक्षा परत आणा म्हणणाऱ्या पालकांचं म्हणणं खोटं नाही. मूल नववीत जातं आणि त्याला धड परिच्छेद वाचता येत नाही, हे अनेक घरांनी पाहिलंय. आठ वर्षं 'छान प्रगती' असा शेरा वाचला आणि दहावीच्या तोंडावर कळलं की पाया कच्चा. ही फसवणूकच आहे, आणि ती सगळ्यात जास्त त्याच घरांची होते जिथं आईवडील स्वतः वही तपासू शकत नाहीत. खासगी क्लासला जाणाऱ्या मुलाला त्याची चूक कुणीतरी दाखवतंच. वाडीवरच्या मुलाला ती दाखवणारी एकच जागा आहे, शाळा. म्हणून मोजणी हवीच, आणि ती प्रामाणिक हवी.

पण मोजल्यावर शिक्षा कुणाला, हा प्रश्न उरतो. मूळ कायद्यात नापास न करण्याबरोबर सतत मूल्यमापन, पुरेसे शिक्षक आणि वयाप्रमाणे वर्गात बसवलेल्या मुलांना विशेष प्रशिक्षण हेही होतं. नापास न करणं सोपं होतं, त्याला पैसे लागत नाहीत, ते लगेच लागू झालं. बाकीचं अर्धवट राहिलं. आता फळ बरं आलं नाही म्हणून नापास करणं परत आणलंय. त्यालाही पैसे लागत नाहीत. अर्धवट राहिलेलं मात्र तसंच अर्धवट आहे. त्याच शाळेत, त्याच दोन शिक्षकांकडे, त्याच भट्टीच्या हंगामात मूल पाचवीत पुन्हा बसलं, तर दुसऱ्या वर्षी वेगळं काय होणार? बहुधा एवढंच, की दिवाळीनंतर ते भट्टीवर गेलं की पुन्हा शाळेकडे फिरकणार नाही.

काय करता येईल?

यासाठी नवीन योजना शोधायची गरज नाही. असलेलीच नीट वापरायची आहे.

पहिलं, तारखा. कुटुंबं जिथं स्थलांतर करतात, तिथल्या मुलांची वर्षाची मोजणी दिवाळीआधी करता येईल. आणि पुनर्परीक्षा जूनच्या उत्तरार्धात, शाळा उघडून मुलं वाडीवर परतल्यावर घ्यावी. १ मेला निकाल लागला तर दोन महिन्यांची मुदत जूनअखेरपर्यंत पुरते. कायदा बदलायला नको.

दुसरं, शिक्षण हमी पत्रक. हे आपल्या राज्यात आधीपासून आहे. स्थलांतर करणाऱ्या मुलाबरोबर एक पत्रक द्यायचं, त्याला काय येतं आणि काय नाही हे त्यावर लिहायचं आणि जिथं जाईल तिथल्या शाळेनं त्यावरून त्याला पुढे शिकवायचं. म्हणजे मोजणी मुलाच्या मागे राहत नाही, त्याच्याबरोबर चालते. चाचणीचे मार्क चॅटबॉटमध्ये भरले जातायत, तर ते भट्टीजवळच्या शाळेला का दिसू नयेत? वसई भागात विधायक संसदेनं नव्वदच्या दशकात वीटभट्ट्यांवरच 'भोंगा शाळा' चालवून दाखवल्या. शाळा मुलापर्यंत जाऊ शकते, हे तेव्हाच सिद्ध झालंय. हंगामी वसतिगृहांची सोय आहे, पेणला आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे, आश्रमशाळा आहेत. त्यांना एकमेकांशी बोलायला लावणं एवढंच बाकी आहे.

तिसरं, राज्याला चित्र हवं असेल तर प्रत्येक मुलाला वर्षातून तीनदा बसवायलाच हवं असं नाही. निवडक शाळांचं सर्वेक्षण त्याला पुरतं, डिसेंबर २०२४ चं राष्ट्रीय सर्वेक्षण तसंच होतं. प्रत्येक मुलाची मोजणी शिक्षकासाठी असावी. तिचा उपयोग त्याच वर्गात, त्याच आठवड्यात व्हावा.

आणि तुम्ही? पेण-रोह्याच्या कॉलेजांतली एनएसएसची निवासी शिबिरं दर हिवाळ्यात एखाद्या गावात होतात. रस्ता झाडणं, भिंती रंगवणं चांगलंच आहे. पण सात दिवसांत दोन-दोन जणांनी जवळच्या भट्टीवर जाऊन, किती मुलं शाळेबाहेर आहेत, कुणाकडे हमी पत्रक आहे, कुणाकडे नाही, याची साधी यादी केली आणि ती गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवली, तर ती कुठल्याही पथनाट्यापेक्षा जड पडेल. तुम्हाला सर्वे करता येतो, एक्सेल येतं, माहितीच्या अधिकारात अर्ज लिहिता येतो. एका तालुक्यात पाचवीच्या वार्षिक परीक्षेला किती मुलं गैरहजर होती आणि त्यातली किती पुढच्या वर्षी शाळेत दिसली, एवढे दोनच आकडे मागा. सरासरी किती आली, यापेक्षा हे दोन आकडे शाळेबद्दल जास्त सांगतील.

तुमची पिढी नापास न होता आठवीपर्यंत आली. त्यामुळे तुम्ही बिघडलात, असं कुणाला वाटत असेल तर वाटू दे. पण परीक्षा म्हटलं की 'कडक हवी' किंवा 'नकोच' या दोनच बाजू असतात, हे तुम्ही तरी मानू नका. पाचवीतल्या मुलाला पेपर जरूर द्या. फक्त तो द्यायच्या दिवशी मूल वर्गात आहे का, आणि निकालानंतर त्याच्याकडे कुणी शिकवायला जाणार आहे का, ही दोन उत्तरं आधी शाळेनं आणि सरकारनं द्यायची. त्या पेपरात ते पास झाले, तर मुलाला नापास करायची वेळ सहसा येणार नाही.